पाण्याची वही आणि खाड्याचा रकाना



आमच्या सक्करदऱ्यात शेजारी एक मावशी राहतात. चार घरची धुणीभांडी करतात. त्यांच्याकडे दोनशे पानी एक वही आहे. किराणा, दूध, भिशी, नातवाची फी, विहाराची वर्गणी, सगळे तीत लिहिलेले असते. अक्षर वेडेवाकडे, पण बेरीज कधी चुकत नाही. पानाच्या उजव्या कडेला त्यांनी पेन्सिलीने एक रेघ ओढून रकाना केला आहे. त्यावर लिहिले आहे, ‘खाडे’. ज्या दिवशी कामावर जाता आले नाही त्या दिवशी तिथे फुली पडते आणि कारण एका शब्दात. ताप. लग्न. पोराची शाळा.

मध्यंतरी काही जुना हिशोब शोधताना जुलै २०१९ चे पान उघडले. सहा फुल्या होत्या, आणि सहाही फुल्यांसमोर एकच शब्द होता, पाणी.

तो महिना नागपूरकर विसरलेले नसतील. पाऊस लांबला होता, तोतलाडोह धरण तळाला गेले होते, आणि शहरात एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली होती. ज्यांच्या घरावर हजार लिटरची टाकी आणि खाली संप, त्यांना दिवसाआडचे पाणी म्हणजे थोडी काटकसर. ज्यांच्याकडे दोन गुंड, एक ड्रम आणि चार बादल्या, त्यांना ती रोजीच गमावण्याची पाळी होती. नळ येण्याच्या वेळी घरात माणूस पाहिजे. नळाला धार बारीक असली तर भरायलाच दोन तास. त्यानंतर कामाच्या घरी पोहोचले तर मालकीण म्हणते, आता कशाला आलात? मावशींचे सहा खाडे असे पडले.

गंमत अशी की त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी शेवटी तोतलाडोह भरून वाहू लागले आणि दारे उघडावी लागली. जुलैत थेंबाला महाग असलेले पाणी दोन महिन्यांनी नदीत सोडावे लागले. वर्षाअखेरीस कोणी पावसाची एकूण बेरीज पाहिली असती, तर म्हणाला असता, पाऊस बराच झाला की! बेरीज चांगली होती, पण मधले दिवस कोणी मोजणार?

आज मला या हिशोबाबद्दलच लिहायचे आहे. हवामान बदलते आहे, हे आता शेतकऱ्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे म्हणतात. पण बदलत्या हवामानात पाणी, जमीन, झाडे यांचे नियोजन कसे करायचे, त्याची साधने कोणती, यावर आपल्या वस्त्यांत बोलणे होत नाही. हे साहेबलोकांचे काम, असे आपण समजून बसतो. त्यातले मुख्य साधन मात्र मावशींच्या वहीपेक्षा फार वेगळे नाही. त्याला म्हणतात पाण्याचा ताळेबंद.

आधी आपल्या शहराचे पाणी कुठून येते ते पाहू. सक्करदऱ्याच्या टाक्यांत चढणारे पाणी आपल्या तलावाचे नाही. नागपूरचे बहुतेक पाणी पेंच नदीचे, म्हणजे तोतलाडोह आणि त्याच्या खालच्या नवेगाव खैरी धरणाचे, आणि उरलेले कन्हान नदीचे. तोतलाडोहाची उपयुक्त साठवण सुमारे १,०१७ दशलक्ष घनमीटर. हे धरण बांधताना पेंच नदीत दरवर्षी अमुक इतके पाणी येईल असा हिशोब केला होता. पुढे त्याच नदीवर वरच्या अंगाला, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, चौराई धरण झाले. तिकडच्या शेतकऱ्यांनाही पाणी पाहिजेच, त्यात त्यांचा दोष नाही. पण आपल्याकडे येणारा ओघ घटला. तोवर शहर वाढले आणि पावसाची तारीखही हलू लागली. जमेची बाजू तीन ठिकाणी बदलली आणि खर्चाचे पान जुनेच राहिले. घरात मिळवता माणूस एक कमी झाला तरी बाईने पूर्वीसारखाच किराणा भरला तर महिना कसा निघेल?

आता उलट बाजू. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. शुक्रवारच्या मध्यरात्रीनंतर पाऊस कोसळू लागला आणि काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. पंचशील चौकातला पूल खचला, माणसे दगावली, बचावासाठी सैन्य बोलवावे लागले. चार वर्षांपूर्वी ज्या शहराला दिवसाआड पाणी मिळत होते, त्याच शहरात लोक गच्चीवर चढून बसले होते. आमच्या गल्लीत नदी आली नाही, पण सिमेंटचा रस्ता घराच्या उंबरठ्यापेक्षा उंच झाला असल्याने पावसाचे पाणी आत यायला नदीची गरजच पडली नाही. गादी, तांदळाची कोठी, पोरांची पुस्तके, सगळे भिजले. मावशींच्या वहीत त्या आठवड्यात पुन्हा तीन फुल्या पडल्या. कारण पुन्हा तेच, पाणी.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० पासून २०१५ पर्यंतचा पाऊस तपासून त्यांनी दाखवले की, मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. एकूण मोसमी पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही, उलट घटीकडेच कल आहे. म्हणजे पाऊस थोड्या दिवसांत जास्त पडतो आणि मधले दिवस कोरडे जातात. महिन्याचा पगार दर आठवड्याला थोडा थोडा मिळण्याऐवजी कधी एकदम, कधी दीड महिना नाही, असे झाले तर घर चालवणाऱ्या बाईला कसे वाटेल ते सांगायला नको.

दुष्काळ आणि पूर एकाच नदीचे, हे आपल्याला तरी नवीन वाटू नये. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते, हे कमी जणांना माहीत आहे. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला, तेव्हा नुसते बांध घालण्याऐवजी सबंध खोऱ्याचा एकत्र विचार करावा, पूर अडवावा, त्याच पाण्यावर शेती आणि वीज करावी, अशी योजना त्यांच्या खात्याने पुढे नेली. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे ओरिसातील नद्यांवर परिषद झाली. तिथे त्यांनी पाण्याच्या अतिरेकाला संकट समजून ते समुद्रात लोटण्याची कल्पना चुकीची ठरवली. माणसाला जास्त पाण्यापेक्षा पाण्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो, तेव्हा पाणी साठवा, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता. ऐंशी वर्षे झाली या गोष्टीला. आपण जयंतीला फोटो लावतो, पण हे भाषण कोणत्या विहारात वाचले गेल्याचे मी तरी ऐकले नाही.

बरे, ताळेबंद मांडतात कसा?

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. ही एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवा. एका हेक्टरवर, म्हणजे अडीच एकरांवर, शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर. गावाची सगळी जमीन धरून जमेचा आकडा निघतो. मग त्यातले काही वाहून जाते, काही मातीत मुरते, काही उन्हाने उडते. काळ्या चोपण जमिनीवर, उताराच्या बरडावर, मुरमाड रानात हे वाटे वेगवेगळे पडतात. खर्चाच्या बाजूला पहिली ओळ माणसांच्या पिण्या-वापरण्याची, दुसरी गुराढोरांची, मग पिकांची. उसाला हेक्टरी वीस हजार घनमीटर किंवा त्याहूनही जास्त पाणी लागते. हरभरा त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यात येतो. जमेतून खर्च वजा केला की समजते, रब्बीला काय पेरावे आणि काय पेरू नये.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने हे वर्षानुवर्षे केले आहे. पोपटराव पवारांचे गाव म्हणून ते सर्वांना माहीत आहे. पाऊस मोजायचा, ग्रामसभेत आकडा सांगायचा आणि त्याप्रमाणे पीक ठरवायचे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. पाऊस कमी तर दुसऱ्या पिकाला पाणी नाही, मग शेतकरी कितीही मोठा असो. २०१८ पासून शासनाच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात विदर्भ-मराठवाड्यातील हजारो गावांचे ताळेबंद मांडले गेले. त्याची पद्धत मुंबईच्या आय.आय.टी.ने बसवून दिली. तिच्यात पाऊस एकूण किती एवढेच न पाहता कोणत्या दिवशी किती, आणि मधल्या उघडिपीत पिकाला किती तूट आली, हेही धरतात. आपल्या जिल्ह्यात काटोल-नरखेड आणि शेजारी वरूड-मोर्शी हा संत्र्याचा पट्टा. तिथे हजारो बोअर खोल खोल जात राहिले आणि जमिनीखालचे पाणी भरतीपेक्षा जास्त उपसले गेले. अटल भूजल योजनेत २०२० नंतर या भागातील ग्रामपंचायतींनीही असे आराखडे केले. संत्र्याच्या सुकलेल्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ताळेबंद समजावून सांगावा लागत नाही.

पण हवामान बदलल्यावर एका ताळेबंदाने भागत नाही. तीन मांडावे लागतात. एक नेहमीच्या सालाचा. एक तुटीच्या सालाचा, जून-जुलै कोरडे गेले तर काय, असा. आणि तिसरा उलट्या सालाचा, महिन्याचा पाऊस एका रात्रीत आला तर काय. तिन्ही सालांत उपयोगी पडेल ते काम आधी घ्यायचे. विहिरीचा गाळ काढणे हे तसे काम आहे. तुटीच्या साली पाणी जास्त दिवस टिकते आणि उलट्या साली मुरायला जागा मिळते. नाल्याची भिंत उंच करणे हे फक्त तिसऱ्या सालाचे काम, आणि ते पाणी खालच्या वस्तीवर लोटण्याचेही. दरवर्षी पावसाळा संपला की वही उघडायची, अंदाज कुठे चुकला ते पाहायचे आणि पुढच्या वर्षीचे पान बदलायचे. शास्त्रज्ञ याला मोठमोठी नावे देतात. मावशी दर दिवाळीला हेच करतात.

आता घरचे गणित करू. तीनशे चौरस फुटांचे पत्र्याचे छप्पर म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. नागपूरला सरासरी वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हजारच धरू. २८ हजार लिटर झाले. पाचवा हिस्सा वाया गेला तरी २२ हजार उरतात. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे असा सरकारी दंडक आहे. पाच माणसांचे ६७५ लिटर, म्हणजे महिनाभराचे पाणी छपरावरून गटारात जाते. खेड्यात जल जीवन मिशनचा दंडक माणशी ५५ लिटरचा. त्या मापाने ८० दिवस. कोणी म्हणेल, २२ हजार लिटर ठेवायचे कुठे? एका घराला ठेवता येत नाहीत, खरे आहे. पण गल्लीतली वीस छपरे एका जुन्या विहिरीला जोडता येतात. पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून द्यावे, मधे रेती-गिट्टीची गाळणी ठेवावी. हे पाणी पिण्याचे नाही, वापरण्याचे. पण मावशींचे सहा खाडे पिण्याच्या पाण्याने पडले नव्हते, वापरण्याच्या पाण्यानेच पडले होते.

सक्करदऱ्यात भोसल्यांच्या काळापासूनचा तलाव आहे. आजूबाजूला घरे झाली, रस्ते झाले, आणि बुधवारच्या बाजाराला येणारा माणूस आता तलावाकडे बागेची शोभा म्हणून पाहतो. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर थर उन्हाने उडून जातो. एका हेक्टरमागे रोज लाखभर लिटर. तरीही तलाव भोवतालच्या विहिरींना जिवंत ठेवतो, आणि जोराच्या पावसात थोडे पाणी पोटात घेतो. तलावाकडे पाणी आणणाऱ्या वाटा कोणत्या होत्या, आज त्यांतल्या किती उघड्या आहेत, हे शोधणे हासुद्धा नियोजनाचाच भाग. त्यासाठी पदवी लागत नाही. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन फिरावे लागते.

आणि आता जी गोष्ट या ताळेबंदांत सहसा नसते तिच्याकडे येतो. गावाचा ताळेबंद सांगतो, गावात इतके पाणी आहे. ते कोणाच्या घागरीत गेले हे सांगत नाही. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. १९२७ साली चवदार तळ्यात पाणी काही कमी नव्हते. आपले पुष्कळ नातेवाईक आजही कुही, उमरेड, भिवापूरकडे शेतमजुरी करतात. पाणी कमी म्हणून पीक बदलले तर जमीनवाल्याचे उत्पन्न वहीत येते, मजुराचे बुडालेले दिवस येत नाहीत. ज्या ग्रामसभेत ताळेबंद वाचला जातो ती दुपारी अकराला असते आणि तेव्हा आपली माणसे निंदणाला गेलेली असतात. शहरात तेच. शहराचे नियोजन दशलक्ष लिटरांत चालते. एक बाई दोन तास नळाजवळ उभी राहिली ही गोष्ट लिटरांत बसत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, आपल्या वस्तीचा ताळेबंद आपण करावा आणि त्याला मावशींचा उजवीकडचा रकाना जोडावा.

वेळही सोयीची आहे. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो आणि तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतात. नेमके तेच पावसाचे दिवस. सरळ भिंतीचा, तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा एक डबा विहाराच्या गच्चीवर मोकळ्या जागी ठेवावा. झाडाखाली किंवा भिंतीला लागून नको. रोज ठरल्या वेळी शाळेच्या पट्टीने पाणी मोजावे, लिहावे आणि डबा रिकामा करावा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. नववी-दहावीच्या पोरांना हे काम द्या, दोघांनी वेगवेगळे वाचावे. मोजमापात चूक कोणाचीही होते. मे २०२४ मध्ये आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले होते आणि देशभर बोभाटा झाला होता. मागाहून हवामान खात्यानेच यंत्रात दोष असल्याचे सांगितले. तेव्हा आपला डबा चुकला तर लाजू नये.

दुसरे काम विहिरीचे. दोरीला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारून टोकाला दगड बांधावा. सकाळी उपसा सुरू होण्याआधी काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. शासनाची भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. आपणही तेच महिने धरावेत, म्हणजे त्यांचे आणि आपले आकडे शेजारी ठेवता येतील. दहा फूट रुंदीच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे २,२०० लिटर, हे लक्षात असू द्या. लहान मुलांना एकटे काठावर पाठवू नये.

तिसरे काम महिला मंडळाचे. कोणाच्या घरात पाणी शिरले, किती वाजता, किती वीत; नळ कोणत्या दिवशी आला नाही; आणि त्यापायी कोणाचा खाडा पडला, मुलीची शाळा बुडाली का. आमच्याकडे शाळा पोरांची बुडत नाही, पोरींची बुडते, हेही लिहावे. एका वर्षाच्या वहीने फार काही सिद्ध होत नाही. तीन वर्षांची वही घेऊन नगरसेवकाकडे किंवा झोन कार्यालयात गेलात, तर ‘आमच्याकडे पाणी येत नाही हो’ एवढेच म्हणून परत यावे लागणार नाही. तारीख, मिलिमीटर, फूट आणि खाडे पुढे ठेवता येतील.

हे सगळे मी परवा मावशींना सांगितले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि वही पुढे ओढली.

“काहून भाऊ, डबा कोण पाहीन?”

मी म्हटले, पोट्टे पाहतील, मी लिहीन.

“मंग ठीक हाय. ते मिलिमीटर तुमी लिहा. खाडे मी लिहितो. गल्लीतल्या समद्याच बायांचे लिहितो. पण रेघा आखून द्या जरा सरळ, मह्या हाताच्या वाकड्या येतात.”

रविवारी पट्टी घेऊन जाणार आहे.